सूक्ष्मजीवांनी कीड जाते का? ऑलिव्हच्या बागा आणि घोलवडची वाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मुलुंडला राहता, घोलवडला चिकूची आणि थोडी आंब्याची घरची वाडी आहे. दरवर्षी पावसाच्या तोंडावर कुठलं ना कुठलं ‘जिवाणू कल्चर’ आणून टाकता, पण कीड काही हटत नाही. मध्यंतरी वाचलंत की भूमध्य समुद्राकाठच्या ऑलिव्हच्या बागांत जिथे सूक्ष्मजीवांचं वैविध्य जास्त, तिथे कीड-रोग कमी. हे खरं का, आणि खरं असेल तर आपल्याकडे का चालत नाही? शिवाय बाल्कनीत कुंडीतलं ऑलिव्ह आहे, त्याचंही विचारलंत.

मी वनस्पतिरोगांचं काम करतो. मुंबईत बसून पालघरपासून रत्नागिरीपर्यंतच्या वाड्यांचे नमुने बघण्यात बरीच वर्षं गेली, त्यामुळे आधी माझं मत सांगतो, मग कारणं. वैविध्य हे औषध नाही. वैविध्याच्या अभ्यासातून कामाच्या दोनच गोष्टी हाती लागतात: किडीचा कुठला दुवा तोडता येईल, आणि आपण नकळत कोणाला मारत आहोत. बाटलीतून विकलं जाणारं कल्चर या दोन्हींपैकी कशाचंच उत्तर नाही.

वैविध्य मोजतात कसं, ते आधी पाहू. मातीचा, मुळाचा किंवा पानाचा नमुना घ्यायचा, त्यातला सगळा डीएनए काढायचा, जिवाणूंसाठी १६एस आणि बुरशींसाठी आयटीएस हा जनुकीय पट्टा वाचायचा आणि किती प्रकार सापडले, कोणाचा वाटा किती, हे मांडायचं. यात मेलेल्या पेशींचा डीएनएही मोजला जातो. शिवाय कोण आहे ते कळतं, पण तो तिथे काय करतोय ते कळत नाही. विरारच्या लोकलमध्ये किती गावचे लोक चढलेत हे मोजून गाडी वेळेवर पोचेल की नाही ते सांगता येत नाही, तसंच हे. रोगट पानावर कधीकधी निरोगी पानापेक्षा जास्त प्रकार सापडतात, कारण कुजणाऱ्या जागी मरतुकड्यावर जगणाऱ्यांची झुंबड उडते. त्यामुळे वैविध्याचा निर्देशांक वर गेला म्हणजे बाग सुधारली, असं कोणी सांगितलं तर मी पुढचा प्रश्न विचारतो: कोण वाढलं?

आता ऑलिव्हकडे. तिथली सगळ्यांत बोलकी गोष्ट मातीत नाही, किडीच्या पोटात आहे.

ऑलिव्हचा मोठा शत्रू म्हणजे ऑलिव्हची फळमाशी, बॅक्ट्रोसेरा ओलिई. आपल्या आंब्यावरची फळमाशी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, म्हणजे दोघी एकाच प्रजातीकुळातल्या. फरक खाण्याचा. आंब्यावरची माशी पेरू, चिकू, पपई, जे मिळेल त्यावर जाते. ऑलिव्हची माशी ऑलिव्हला धरून बसलेली. फळातली कोय टणक व्हायला लागली की मादी हिरव्या फळात अंडं घालते, बहुतेक वेळा एका फळात एकच. पण हिरवं ऑलिव्ह अळीला पचायला महाकठीण. त्यात ओल्युरोपीन नावाचं अतिशय कडू फिनॉल वर्गातलं संयुग असतं. अळीने गर कुरतडला की फळातलंच एक विकर त्या ओल्युरोपीनवर काम करतं आणि तयार झालेला पदार्थ प्रथिनांना, त्यातल्या लायसिन या अमिनो आम्लाला, जखडून टाकतो. अळीचं पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. ऑलिव्हने स्वतःच्या कच्च्या फळाची केलेली ही राखण आहे, आणि अळी ती भेदते एका जिवाणूच्या मदतीने.

त्या जिवाणूचं आजचं नाव एर्विनिया डॅसिकोला. इटलीत पेत्री या संशोधकाने १९०९ मध्येच माशीच्या शरीरातल्या या भाडेकरूचं वर्णन केलं होतं. जनुकीय ओळख पटून नाव मिळायला २००५ उजाडलं. कारण तो प्रयोगशाळेतल्या ताटलीत वाढवता येत नाही. प्रौढ माशीच्या अन्ननलिकेला लागून एक छोटी पिशवी असते, तिथे तो राहतो. मादी अंडं घालताना तो अंड्यावर सारवते, बाहेर पडणारी अळी तो घेऊनच जगात येते आणि आपल्या आतड्याच्या कप्प्यांत सांभाळते. म्हणजे आईकडून लेकराकडे, पिढ्यान्‌पिढ्या. इस्राएलमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की हा जिवाणू नसलेल्या अळ्या पिकलेल्या काळ्या ऑलिव्हमध्ये वाढतात, पण हिरव्या फळात तग धरत नाहीत. मला स्वतःला या सगळ्या विषयात हा एक प्रयोग सर्वांत जास्त भावतो. किडीला मारायचंच असं नाही. तिची भागीदारी मोडली तरी हंगामाचे सुरुवातीचे, नेमके महत्त्वाचे महिने तिच्या हातून जातात.

भागीदारी मोडायची कशी? इथे एक जुनं रसायन नव्या अर्थाने पुढे आलं: तांबं. पानावरच्या बुरशीजन्य ठिपक्यांसाठी आणि ऑलिव्हच्या फांद्यांवर गाठी आणणाऱ्या स्यूडोमोनास सॅव्हास्टॅनॉय या जिवाणूसाठी तिकडे शेतकरी तांबं फवारत आलेच होते. तांबं फवारलेल्या बागेत माशीचा उपद्रवही कमी दिसतो, हे अनुभवाने ठाऊक होतं. कारण नंतर उलगडलं: तांब्याचा मारा माशीच्या त्या भागीदार जिवाणूवरही होतो, आणि फळाच्या सालीवरच्या ज्या जिवाणूंच्या वासाने माशी ओढली जाते त्यांच्यावरही.

पण तांबं मातीत विरून जात नाही. ते साठतं, आणि मुळांभोवतीच्या उपयोगी बुरशी व जिवाणूंना नडतं. युरोपीय संघाने म्हणूनच त्यावर मर्यादा घातली आहे: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो शुद्ध तांबं, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. ज्या फवारणीने माशीचा साथीदार मरतो, तीच खाली मातीतले तुमचे साथीदार मारते. हा पेच तिथेही सुटलेला नाही. कोकणात सुपारीला आणि चिकूला पावसाळ्यात बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारणाऱ्यांनी तो ओळखावा, कारण मोरचूद म्हणजे तांबंच.

माशी हाताळायची दुसरी जागा म्हणजे जमीन. शरद ऋतूत ऑलिव्हच्या माशीच्या बऱ्याच अळ्या फळातून खाली पडून मातीत कोष करतात. स्पेनमध्ये कोर्दोबाच्या संशोधकांनी तिथल्याच मातीतून वेगळी केलेली मेटारायझियम ही कीटकांना मारणारी बुरशी झाडांच्या छत्रीखाली दिली आणि मातीतून वर येणाऱ्या माश्या कमी झाल्या. माती हा इथे चांगला आडोसा: वर ऊन, अतिनील किरण आणि कोरडी हवा, यात बुरशीचे बीजाणू काही तासांत निकामी होऊ शकतात, खाली ओल आणि सावली. ऑलिव्हवरच्या पतंगासाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा अळ्या मारणारा जिवाणू वापरतात, तेही फुलं खाणाऱ्या पिढीवर, कारण तेव्हा अळी उघड्यावर असते. पुढची पिढी फळात शिरते आणि मग फवारा वायाच. जैविक उपायांत ‘काय’ इतकंच ‘कधी आणि कुठे’ महत्त्वाचं असतं, आणि नेमकं तेच आपल्याकडच्या दुकानात सांगत नाहीत.

झाडाच्या आतले सूक्ष्मजीव हा वेगळा भाग. कोर्दोबाच्या जागतिक ऑलिव्ह संग्रहात एकाच जमिनीत वाढलेल्या वेगवेगळ्या जातींची मुळं तपासली, तेव्हा माती एकच असूनही मुळांच्या आतली वस्ती जातीनुसार वेगळी निघाली. झाड स्वतः निवड करतं, असं त्यातून दिसतं. रोपवाटिकेतल्या ऑलिव्हच्या मुळांतूनच मिळालेला स्यूडोमोनास सिमिई हा जिवाणू व्हर्टिसिलियम या मर रोगाच्या बुरशीविरुद्ध उपयोगी ठरला आहे, मात्र मुळांवर आधी त्याचा जम बसला पाहिजे. रोग घुसल्यावर ओतून उपयोग नाही.

इटलीच्या दक्षिण टोकाला, पुलिया प्रांतात, २०१३ मध्ये झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू सापडला. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत तो वाढतो, नळ्या तुंबतात, फांद्या भाजल्यासारख्या वाळतात. शतकानुशतकांची लाखो झाडं गेली. लेचिनो नावाची जात मात्र बरीच टिकते, आणि रोग शिरला तरी तिच्या आतली सूक्ष्मजीवांची वस्ती फारशी ढळत नाही असं आढळलं. चेलिना दी नार्दो या बळी पडणाऱ्या जातीत ती विस्कटते. वाचणाऱ्याला वाटतं, मिळालं उत्तर, वस्ती टिकवा म्हणजे झाड टिकेल. मी इतकी घाई करणार नाही. झाड टिकलं म्हणून वस्ती टिकली, हेही तितकंच शक्य आहे.

याच पुलियात तुमच्या ‘वैविध्य वाढवा’ या सूत्राला एक चांगलाच टोला बसला. झाडांखाली गवत राखणं मातीच्या सूक्ष्मजीवांना चांगलं, हे खरं. पण झायलेला पसरवणारा किडा बाल्यावस्थेत त्याच गवतावर, स्वतःभोवती थुंकीसारखा फेस करून वाढतो. (आपल्याकडे पावसाळ्यात आरेच्या गवतावर असा फेस दिसतो, तो याच्याच भाईबंदांचा.) म्हणून तिथे वसंतात गवत काढणं सक्तीचं करावं लागलं. एकाच गवतामुळे एक काम साधतं आणि दुसरं बिघडतं. कुठली कीड समोर आहे हे न पाहता दिलेला कुठलाही सल्ला म्हणूनच कुचकामी.

आता तुमच्या वाडीकडे.

आंब्यावरच्या फळमाशीबाबत ऑलिव्हचा मुख्य डाव आपल्याला चालत नाही, हे स्पष्ट सांगतो. तिच्या आतड्यातही जिवाणू असतात, पण ज्याच्यावाचून तिचं पान हलत नाही असा एकच भागीदार नाही. आणि पिकायला लागलेल्या गोड आंब्यात ओल्युरोपीनसारखी भिंतही नाही. तोडायला दुवाच नाही. याच माशीमुळे मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला होता आणि जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवायचा निर्णय झाला. वाशीच्या बाजारात त्या मोसमात काय हलकल्लोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. इथे खरं काम करतो तो मिथाइल युजेनॉलचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाच्या रसायनाचा सापळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्यातलाच. तो फक्त नर पकडतो, म्हणून शेजारच्या वाड्यांनीही लावला तरच गुण येतो. दुसरी गोष्ट, गळलेली फळं रोज उचलून खोल पुरणं. ऑलिव्हकडून उसनी घेता येईल अशी एकच कल्पना म्हणजे जमिनीतला कोष: झाडाच्या छत्रीखाली मेटारायझियम. पण एप्रिल-मेमध्ये तुमची माती ठणठणीत कोरडी असेल तर बुरशी रुजणार नाही. ठिबक असेल, आच्छादन असेल तरच पैसे घाला.

चिकूत बी पोखरणारी अळी ही तुमची खरी डोकेदुखी असणार. ती फळात, बीच्या आत बसलेली असते. कुठलाही जिवाणू, कुठलीही बुरशी वरून मारून तिथपर्यंत पोचत नाही. गळलेली आणि किडकी फळं वेचून नष्ट करणं हे कंटाळवाणं काम टाळता येत नाही, आणि मजूर मिळत नाहीत हेही मला माहीत आहे.

पावसाळ्यातली चिकूची फळगळ मात्र वेगळी. ती फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगकारकामुळे होते, आणि इथे सूक्ष्मजीव खरंच कामाला येतात. ट्रायकोडर्मा (एक उपयोगी बुरशी) मातीत जम बसवतो, जागा आणि अन्न बळकावतो, रोगकारकाला वेढून खातोही. आपल्या मुंबईतच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने गॅमा किरणांनी उत्परिवर्तन घडवून ट्रायकोडर्मा व्हिरेन्सचा एक सुधारित प्रकार तयार केला आहे, ‘ट्रायकोबार्क’ नावाने. कुठलाही ट्रायकोडर्मा घ्या, पण पुडी फोडून झाडाखाली भुरभुरू नका. किलोभर पावडर १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओलसर गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवा, पांढरट-हिरवी वाढ दिसली की मृगाच्या सरींनंतर झाडाच्या आळ्यात द्या. ओल असताना. उपाशी, कोरड्या मातीत टाकलेला ट्रायकोडर्मा आठवड्यात संपतो, आणि मला वाटतं तुमच्या आजवरच्या पैशांचं हेच झालं.

बोर्डो सोडा असं मी म्हणणार नाही. एक टक्क्याचं, म्हणजे किलोभर मोरचूद, किलोभर कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी, हे मिश्रण फळगळीवर आजही उपयोगी आहे. फक्त ट्रायकोडर्माशी त्याची गाठ घालू नका. मध्ये दोनेक आठवडे जाऊ द्या, फवारणी फांद्यांवर करा, आळ्यात ओतू नका. उरलेलं मिश्रण बुंध्याशी रिकामं करण्याची वाईट सवय सगळीकडे आहे. ऑलिव्हवाल्यांनी तांब्याचे जे हिशेब ठेवायला सुरुवात केली, ते आपणही ठेवावेत: वर्षाला किती मोरचूद गेलं, वहीत लिहा.

आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी ब्यूव्हेरिया, मेटारायझियम, लेकॅनिसिलियम या बुरशी आहेत, आणि कोकणातली दमट हवा भूमध्य प्रदेशापेक्षा त्यांना मानवते. तरी फवारणी संध्याकाळीच, तुडतुडे थोडे असताना, आणि करप्या-भुरीचं बुरशीनाशक त्याच पंपात मिसळून नाही. बुरशीनाशक बुरशी मारतं. हे सांगावं लागतं, कारण ‘एकाच फेरीत दोन्ही होतं’ असं सांगणारे खूप आहेत.

बाटलीबद्दल एवढंच बघा. कीडनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या सूक्ष्मजीवाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी क्रमांक लागतो, लेबलवर प्रजातीचं नाव, वाणाचा क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख लागते. ट्रायकोडर्माच्या पावडरीत ग्रॅमला किमान २० लाख जिवंत एकक, ब्यूव्हेरियात किमान १० कोटी. दहा-बारा जिवाणूंची नुसती नावं आणि ‘सर्व किडींवर’ असं लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. बायोस्टिम्युलंट, म्हणजे झाडाच्या वाढीला चालना देणारा पदार्थ, म्हणून विकलेल्या मालाला कीड मारण्याचा दावा करण्याची मुभाच नाही. दुकानात तो रॅकवर उन्हात ठेवला असेल तरी घेऊ नका, मग कंपनी कितीही चांगली असो. जीवामृताला माझा विरोध नाही. मातीला खाद्य म्हणून ते ठीक. कीडनाशक म्हणून त्याच्याकडे पाहू नका.

आणि मातीचे सूक्ष्मजीव मोजून घ्यायचे का, असं तुम्ही विचारलंत, तर सध्या नको. त्या पैशात साधी माती तपासणी करा, सेंद्रिय कर्ब बघा, आणि गळलेल्या फळांचा नमुना कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. फळगळ अळीची किती आणि बुरशीची किती, हे एकदा वेगळं कळलं की निम्मा खर्च आपोआप वाचेल.

बाल्कनीतल्या ऑलिव्हला मुंबईत फळ धरण्याची आशा ठेवू नका. त्याला फुलोऱ्यासाठी हिवाळ्यातली थंडी लागते. राजस्थानात बिकानेरकडे ती मिळते, मुलुंडला नाही. पानांसाठी ठेवा, निचरा चांगला ठेवा, पावसाळ्यात छपराखाली घ्या. मात्र ते रोप परदेशातून आणलेलं आहे का, हे विक्रेत्याला विचारा. पुलियात झायलेला आला तो कोस्टारिकातल्या शोभेच्या कॉफीच्या रोपांतून, असं जनुकीय पुराव्यावरून मानलं जातं, आणि तो कण्हेरीपासून बदामापर्यंत शेकडो वनस्पतींत राहू शकतो. आयात रोपाला परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मुंबईत ही तपासणी शिवडीच्या वनस्पती संगरोध केंद्राकडे असते. कागद दाखवता येत नसतील तर ते रोप बाल्कनीतच राहू द्या, घोलवडला नेऊ नका.